राजपुत्राच्या फ्लॉप्या आणि आपल्या

२०१२ च्या मार्च महिन्यात जॉर्डन मेकनर या अमेरिकी लेखक-प्रोग्रामरला त्याच्या वडिलांकडून एक खोके मिळाले. घरातल्या जुन्या सामानात ते सापडले होते. आत साडेतीन इंची फ्लॉप्या होत्या आणि त्यांवर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या खेळाचा मूळ सोर्स कोड होता. मेकनरने हा खेळ एकट्याने अॅपल टू या संगणकासाठी लिहिला होता. खेळ १९८९ मध्ये बाजारात आला, जगभर गाजला, आणि सोर्स कोड मात्र हरवला. मेकनर कित्येक वर्षे तो शोधत होता.

ज्यांचा संगणकाशी संबंध फक्त वापरण्यापुरता आहे, त्यांना इथे प्रश्न पडेल की खेळ जगभर पसरला होता, तर हरवले काय? चकली कितीही घरांत पोचली तरी ती खाऊन भाजणीचे प्रमाण सांगता येत नाही. दुकानात मिळतो तो प्रोग्राम म्हणजे तळलेली चकली, आणि सोर्स कोड म्हणजे आईच्या वहीतले प्रमाण. त्या वहीत 'इथे असे का केले' याच्या खुणाही असतात. या खेळात नायकाची एक सावली त्याच्याशी लढायला येते. खेळाडूंना ती मोठी गूढ कल्पना वाटली. प्रत्यक्षात संगणकाच्या मेमरीत नव्या शत्रूच्या चित्रांना जागाच उरली नव्हती, म्हणून नायकाचीच चित्रे किंचित सरकवून स्वतःवर ठेवली आणि त्यातून ही झगमगणारी सावली निघाली. कलेच्या इतिहासात अशा गोष्टींना मोल असते.

एप्रिलमध्ये इंटरनेट अर्काइव्हचे जेसन स्कॉट आणि जुन्या अॅपल यंत्रांचे जाणकार टोनी डायझ मेकनरच्या घरी गेले. जाताना जुनी यंत्रे बरोबर नेली होती. फ्लॉप्या वाचल्या गेल्या, आणि लागलीच तो कोड सर्वांना पाहता येईल असा जालावर ठेवला गेला. दोन दशकांहून अधिक काळ अंधारात पडलेल्या फ्लॉप्या वाचल्या याचे कौतुक आहेच, पण माझ्या मते त्या कथेतली खरी माणसे म्हणजे ती यंत्रे इतकी वर्षे चालू स्थितीत ठेवणारी मंडळी. फ्लॉपी टिकून उपयोग नाही. ती वाचणारे यंत्र, त्या यंत्रावर चालणारा प्रोग्राम आणि तो चालवता येणारा माणूस, ही सगळी साखळी टिकावी लागते. घरात बालगंधर्वांच्या तबकड्या आहेत आणि ग्रामोफोन नाही, अशी अवस्था अनेकांनी पाहिली आहे. तबकडीचा निदान खोबणीवरून अंदाज येतो. फ्लॉपी नुसती पाहून काहीच कळत नाही.

आपल्याकडे हा राजपुत्र आला तो डॉसच्या अवतारात. १९९० च्या दशकात ज्यांनी संगणकाच्या क्लासची फी भरली, त्यांतल्या बहुतेकांनी सर बाहेर गेल्यावर 'प्रिन्स' आणि 'डेंजरस डेव्ह' खेळलेले आहे. राजकन्येला सोडवायला ६० मिनिटे मिळत. 'प्रिन्स'पुढे 'मेगाहिट' हा शब्द टाइप करून खेळ सुरू केला की पातळ्या ओलांडता येतात, ही विद्या एका मुलाकडून दुसऱ्याकडे तोंडी जाई. मूळ खेळात पहिल्या पातळीनंतर औषधाच्या कुप्यांची एक खोली होती. छापील पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक शब्दाचे पहिले अक्षर ज्या कुपीपाशी असेल ती प्यायची, नाहीतर मरायचे. पुस्तिका नसलेल्याला, म्हणजे नक्कल करून घेणाऱ्याला, अडवण्यासाठी हे कुलूप होते. पुस्तिका आपल्यापैकी कोणी पाहिली होती? आपल्यापर्यंत आलेल्या प्रती बहुधा कुलूप तोडलेल्याच होत्या.

संशोधक म्हणून हे लिहिताना थोडे अवघडल्यासारखे होते, पण सत्य असे आहे की त्या काळातले पुष्कळ खेळ अशा कुलूप तोडलेल्या प्रतींमुळेच टिकले. कायदेशीर प्रती कपाटात राहिल्या आणि कपाटातच गेल्या. जी वस्तू हजार हातांतून फिरली ती उरली. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१० पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठल्याही मार्गाने विकत मिळत नाहीत. पुस्तकांच्या बाबतीत असे झाले तरी ग्रंथालय असते. खेळांना ग्रंथालय नव्हते, तेव्हा ते काम हौशी लोकांनी अंगावर घेतले.

या हौशी लोकांच्या कामाच्या पद्धती पाहण्यासारख्या आहेत. 'मेम' हा प्रकल्प १९९७ मध्ये सुरू झाला. नाणे टाकून खेळायच्या मोठ्या कपाटांमधल्या चिपांवरची माहिती उतरवून घ्यायची आणि त्या कपाटाचे सगळे विद्युत्-वर्तन प्रोग्रामने हुबेहूब करायचे, हे त्याचे काम. 'डॉसबॉक्स' २००२ पासून आहे आणि तो एक अख्खा जुना पीसी आपल्या पीसीच्या आत उभा करतो. २००१ मध्ये सुरू झालेला 'स्कमव्हीएम' वेगळ्या वाटेने जातो. तो यंत्राची नक्कल करत नाही. जुन्या कथाखेळांची चित्रे, संवाद आणि पटकथा मूळच्याच ठेवायच्या आणि त्या वाचून खेळवणारा भाग नव्याने लिहायचा, अशी त्याची रीत. पहिल्या पद्धतीत जुन्या यंत्राचे दोषही जपले जातात, तर दुसऱ्या पद्धतीत खेळ कुठल्याही नव्या यंत्रावर सहज जातो. प्रिन्सच्याही डॉस अवताराचे तंत्र उलगडून कोणीतरी तो नव्याने लिहिला आहे आणि तो माझ्या लिनक्सवर सुखाने चालतो.

सीडींच्या नकला काढणाऱ्या मंडळींचा एक नियम मला फार आवडतो. एकाने सीडीची नक्कल काढली की ती लगेच प्रमाण मानत नाहीत. दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या गावात, स्वतःच्या वेगळ्या सीडीवरून आणि वेगळ्या ड्राइव्हवर नक्कल काढायची, दोन्हींची अंकमुद्रा काढायची आणि ती अक्षर न् अक्षर जुळली तरच 'पडताळलेली' असा शेरा द्यायचा. अंकमुद्रा म्हणजे फाइलमधल्या सगळ्या आकड्यांवरून गणिताने काढलेली एक छोटी खूण. फाइलमधला एक बिट बदलला तरी ती पूर्ण वेगळी येते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी ठिकठिकाणची हस्तलिखिते ताडून पाहिली गेली, तीच ही वृत्ती. फरक इतकाच की तिथे लेखकू मधेच चार श्लोक घालायचा, आणि इथे कुलूप तोडणारा आपल्या टोळीचे नाव सुरुवातीच्या पडद्यावर घालतो. मी तरी अशा प्रतींना पाठभेद मानतो आणि त्याही जपून ठेवाव्यात या मताचा आहे.

आता लिनक्सविषयी. मी कुठल्याही महाविद्यालयात संगणक शिकलो नाही. लिनक्सकडे आलो तो तत्त्वासाठी नव्हे, जुन्या तबकड्या वाचायच्या होत्या म्हणून. इतर प्रणाली खराब फ्लॉपी पाहिली की 'फॉरमॅट करायची का?' असे विचारतात. म्हणजे वैद्याकडे गेलेल्या रोग्याला थेट स्मशानाचा पत्ता सांगण्यासारखे. लिनक्स फ्लॉपीकडे फक्त आकड्यांची एक सलग रांग म्हणून पाहू देतो. साडेतीन इंची साध्या फ्लॉपीवर दोन बाजू, प्रत्येकीवर ८० वर्तुळे, प्रत्येक वर्तुळात १८ खंड आणि प्रत्येक खंडात ५१२ बाइट असतात. एकूण १४,७४,५६० बाइट. 'डीडीरेस्क्यू' नावाचा मोफत प्रोग्राम आधी जेवढे सहज वाचता येते तेवढे वाचून घेतो, अडलेल्या खंडांची नोंद ठेवतो आणि मग त्या खंडांकडे परत परत जातो. मधेच वीज गेली तरी नोंदवहीवरून पुढे काम चालू करता येते. फ्लॉपीची अशी पूर्ण प्रतिमा एकदा उतरवली की पुढचे सगळे प्रयोग प्रतिमेवर करायचे आणि मूळ फ्लॉपीला पुन्हा हात लावायचा नाही.

कोणाला हे घरी करायचे असेल तर दोन-तीन गोष्टी सांगतो. फ्लॉपीच्या कोपऱ्यातली लहान खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे तिच्यावर काही लिहिले जाऊ शकत नाही. पत्र्याचे झाकण सरकवून आत पाहावे. आपल्या दमट हवेत, कोकणात तर फारच, चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके येतात. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर ती स्वतः खरवडली जाते आणि ड्राइव्हचे हेडही माखते, मग पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही बिघडतात. सीडीच्या बाबतीत नुसत्या फाइली उतरवून घेऊ नयेत. त्या काळच्या बऱ्याच खेळांचे संगीत त्याच सीडीवर गाण्यांच्या पट्ट्यांसारखे असे, आणि फाइलींच्या यादीत ते दिसत नाही. खेळ वाचला आणि मुका झाला, अशा प्रती पुष्कळ आहेत. सव्वापाच इंची फ्लॉपी मात्र यूएसबीच्या ड्राइव्हने वाचता येत नाही. तिला जुनी ड्राइव्ह आणि चुंबकीय बदलांची थेट नोंद घेणारे 'ग्रीझवीझल'सारखे छोटे सर्किट लागते, ज्याचा प्रोग्राम खुला आहे.

खुल्या प्रणालीत काही टाकले जात नाही असे नाही. लिनक्स १९९१ मध्ये ज्या ३८६ प्रोसेसरवर जन्मला, त्या ३८६ चा आधार त्याने २०१२ च्या अखेरीस स्वतःच काढून टाकला. सोनीने २०११ मध्ये फ्लॉप्या बनवणे थांबवले. जुलै २०१९ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या गाभ्यातला फ्लॉपीचा ड्रायव्हर 'अनाथ' म्हणून नोंदवला, कारण चालू स्थितीतली खरी ड्राइव्ह जवळ असलेला माणूसच सांभाळायला उरला नव्हता. पुढे दुसऱ्या एका प्रोग्रामरने ती जबाबदारी मागून घेतली. बंद प्रणालीत अनाथ झालेली गोष्ट मरते. इथे ती रस्त्याच्या कडेला दिसते तरी, आणि ज्याला गरज आहे तो उचलू शकतो.

'डूम' या खेळाची कथाही अशीच बोलकी आहे. १९९३ च्या डिसेंबरात तो निघाला. चार वर्षांनी, डिसेंबर १९९७ मध्ये जॉन कार्मॅकने त्याचा सोर्स कोड खुला केला, तो डॉसचा नव्हे, लिनक्सचा. डॉसच्या अवतारातला आवाजाचा भाग दुसऱ्या कोणाच्या मालकीचा होता, तो देता येत नव्हता. आज डूम छपाईयंत्रांच्या पडद्यांवरही चालवून दाखवतात याचे मूळ त्या एका निर्णयात आहे. नीट पाहिले तर खेळाची चित्रे आणि पातळ्या आजही कंपनीच्याच आहेत. खुला झाला तो वाचक, ग्रंथ नव्हे. आणि ग्रंथ टिकायला तेवढे पुरले.

हे सगळे वाचून वाचक म्हणतील, अमेरिकेतले खेळ टिकले ते चांगलेच झाले, आपल्याला काय त्याचे? म्हणून आता मराठीकडे येतो.

१९९० च्या आसपास महाराष्ट्रातल्या छापखान्यांत खिळे गेले आणि डीटीपी आले. तेव्हापासून युनिकोड रुळेपर्यंतच्या दीड-दोन दशकांत दिवाळी अंक, गॅझेटे, लग्नपत्रिका, स्मरणिका आणि पुस्तके असे जे काही मराठीत छापले गेले, त्याचा मोठा भाग आधी कुठल्या ना कुठल्या फ्लॉपीवर किंवा सीडीवर होता. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे सरकारी प्रमाण १९९१ मध्ये आले होते आणि युनिकोडची देवनागरी त्याच घराण्यातली. पण छापखान्यात चालत ते फाँट. त्या काळच्या फाँटात जेमतेम २५६ घरे आणि देवनागरीची जोडाक्षरे धरून आकार कितीतरी जास्त. मग अक्षरांचे तुकडे केले, अर्धा क, नुसती काठी, वरची वेलांटी, आणि प्रत्येक कंपनीने ते तुकडे आपापल्या सोयीने रोमन अक्षरांच्या घरांत बसवले. कृतिदेव फाँटमध्ये 'मराठी' हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, मोठा बी आणि एच असा साठवला जातो. फाँट असला तर मराठी दिसते, नसला तर कचरा. दुसऱ्या कंपनीच्या फाँटमध्ये त्याच पाच अक्षरांतून भलताच शब्द उमटतो.

आणि कुलूपही होते. मराठीच्या बऱ्याच सॉफ्टवेअरांबरोबर संगणकाच्या मागे प्रिंटरच्या जागी लावायचे एक ठोकळ्यासारखे 'लॉक' यायचे. ते नसेल तर प्रोग्राम उघडत नाही. प्रिन्सच्या कुपीची खोली फोडायला जगभरची पोरे बसली होती. आपल्या लिपीचे लॉक हरवले तर ते सोडवायला कोण बसणार?

काही वर्षांपूर्वी सिंधुदुर्गातल्या एका बंद पडलेल्या छापखान्याच्या मालकांनी मला बोलावून फ्लॉप्यांचे एक खोके दिले. "भंगारवाला पण घेईना, तुम्ही घेता काय बघा," असे म्हणाले. बहुतेक फ्लॉप्यांवर पत्रिका आणि सहकारी संस्थांचे अहवाल होते. एका संचावर मात्र एका निवृत्त शिक्षकांनी गोळा केलेली शब्दसूची होती. किनाऱ्यावरची मासेमारी, होड्या, जाळी, वारे आणि भरती-ओहोटी यांचे शब्द, अर्थासकट. पुस्तक छापायचे ठरले होते. मास्तर वारले, पैसे जमले नाहीत, आणि हस्तलिखित घरच्यांनी घर पाडताना टाकून दिले. त्या शब्दांची एकमेव प्रत माझ्या टेबलावर होती आणि ती मला वाचता येत नव्हती. फ्लॉप्या डीडीरेस्क्यूने जवळजवळ पूर्ण उतरल्या. फाइलींची चौकट लिबरऑफिसने उघडली, कारण जुन्या पेजमेकरच्या काही आवृत्त्या वाचण्याची सोय खुल्या सॉफ्टवेअरवाल्यांनी तिच्यात केलेली आहे. पण आत होता तो रोमन कचरा. फाँट त्या कंपनीचा, कंपनीचे सॉफ्टवेअर होते, लॉक नव्हते.

मग उलट्या बाजूने गेलो. त्याच छापखान्याचा एक छापील दिवाळी अंक मालकांच्या घरी मिळाला आणि त्याच्या फाइली खोक्यात होत्या. एका बाजूला छापलेले मराठी, दुसऱ्या बाजूला त्याचे कोड. अज्ञात लिपी वाचताना द्वैभाषिक शिलालेख मिळावा तसे हे झाले. एकेक आकार जुळवत तक्ता केला. अडचण नुसत्या तक्त्याची नसते. फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, कारण ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती नंतर यावी लागते, कारण ती नंतर उच्चारतात. रफाराचे नेमके उलट. याचे नियम लिहिलेले खुले प्रोग्राम आहेत, पण ते बहुतेक हिंदीसाठी. मराठीचा आडवा र त्यांच्या गावीही नसतो. एका खुल्या प्रोग्रामने माझ्या दिवाळी अंकातल्या 'आचाऱ्यांना'चे बेधडक 'आचार्यांना' केले आणि लग्नाच्या जेवणाची सुपारी गुरुवर्यांकडे गेली. तो नियम मी पायथनमध्ये वेगळा लिहिला आणि त्या मंडळींकडे पाठवला. जालावरच्या त्या अनोळखी लोकांनी मला आधी चार प्रश्न विचारले, नमुने मागितले, एक चूक दाखवली आणि मग तो स्वीकारला. पुण्यातल्या लिनक्सवाल्यांच्या 'प्लग' या गटात पूर्वी पाहिले होते तेच इथेही दिसले. तुमची पदवी कोणी विचारत नाही, पण 'चालत नाही' एवढेच सांगितले तर कोणी दादही देत नाही. काय केले, काय दिसले, काय अपेक्षित होते, हे लिहावे लागते. आपल्याकडच्या संशोधनातही ही शिस्त आली तर बरे होईल, असे जाता जाता म्हणतो.

कायद्याचेही पाहायला हवे. भारतीय कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याचा हक्क राहतो. ज्याच्याकडे प्रोग्रामची रीतसर प्रत आहे त्याला ती नष्ट होऊ नये म्हणून राखीव प्रत करता येते. २०१२ च्या दुरुस्तीने बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत करण्याची मुभा दिली, मात्र त्या ग्रंथालयाकडे त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून असली पाहिजे. पुस्तक डोळ्यांसमोर ठेवून केलेली ही तरतूद आहे. जी वस्तू जन्मतःच सीडीवर होती, तिची डिजिटल नसलेली प्रत कुठून आणायची? ग्रंथालयांच्या पाकिटांत पुस्तकांबरोबर आलेल्या सीडी यामुळे कायद्याच्या दृष्टीने कुठल्याच खणात बसत नाहीत. अमेरिकेतही २०२४ मध्ये ग्रंथालयांना जुने खेळ अभ्यासकांसाठी दूरवरून उपलब्ध करून देण्याची सवलत कॉपीराइट कार्यालयाने नाकारली. मास्तरांच्या सूचीसाठी मी त्यांच्या मुलीची लेखी परवानगी घेतली आहे. फाँट मात्र मी कुठेही ठेवलेला नाही. तो कंपनीचा आहे आणि आता लागतही नाही, कारण तक्ता माझा आहे.

सूची आता युनिकोडमध्ये आहे. तीन ठिकाणी प्रती आहेत, प्रत्येकीची अंकमुद्रा आहे, आणि मूळ फ्लॉप्यांच्या प्रतिमा व तक्ता तिच्याबरोबरच ठेवले आहेत, म्हणजे माझे वाचन चुकले असेल तर पुढच्याला पुन्हा मुळापासून वाचता येईल. एक कोड अजून लागलेला नाही. दिवाळी अंकात तो कुठेही नाही, फक्त मास्तरांच्या फाइलीत येतो, तोही जाळ्याच्या भागांच्या आणि वाऱ्यांच्या नावांत. तिथल्या एखाद्या बोलीतल्या उच्चारासाठी त्यांनी छापखान्यात मुद्दाम अक्षर करून घेतले असावे, असा माझा तर्क आहे. त्या जागी सध्या एक रिकामा चौकोन ठेवला आहे. दिवाळी सरली की सूचीची छापील पाने घेऊन रापणीच्या लोकांकडे जाणार आहे. चौकोनाच्या आजूबाजूची अक्षरे आणि अर्थ वाचून दाखवायचे, आणि ते काय म्हणतात ते रेकॉर्ड करून आणायचे.